चीर कुठनं निघते ते बघा : तीन मुठींमधनं एक चाकू निवडताना

खानापूरकडच्या माझ्या आतेभावाला घडीचा चाकू घ्यायचा होता आणि मूठ प्लास्टिकची नको, शिंगाची नाहीतर हाडाची, फार तर लाकडाची, एवढं त्याचं पक्कं ठरलेलं. काजूची बाग, भातशेती, गोठ्यात म्हशी, म्हणजे दिवसभर कुठंतरी सुतळी काप, पोतं उघड, फांदी छाट हे चालूच, चाकू रोज खिशात राहणार आणि पावसात भिजणार, कपाटात ठेवून बघत बसायला घ्यायचा नव्हता. परराज्यातल्या एका विक्रेत्याशी फोनवर बोलून त्यानं डिपॉझिट भरलं, विक्रेत्यानं तीन नग कुरिअरनं पाठवले, एक ठेवायचा आणि बाकीचे 7 दिवसांत परत करायचे अशी बोली. म्हशीच्या शिंगाचा 2,400 रुपये, हाडाचा 2,200, शिसवीचा 1,800. पाती तिन्हींची एकाच मापाची, साधारण 7.5 सेंटिमीटर, मूठ 10 सेंटिमीटरची, स्प्रिंग सारखीच कडक, पातं कुठल्याचंच डुगडुगत नव्हतं, त्यामुळं निवड सगळी मुठीवर होती.

तिन्ही नग घेऊन तो बेळगावला माझ्याकडं आला तो एप्रिलच्या शेवटी. मी उद्यमबागेत पॅटर्न शॉपमध्ये आहे, फौंड्रीला ओतकामासाठी लागणारे लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्याच्यावरनं साचा पाडतात ते नमुने, करायचे हा आमचा धंदा. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण 1 टक्का आकसतं म्हणून आमच्या मोजपट्टीच्या खुणाच तेवढ्या वाढवून पाडलेल्या असतात, आणि लाकूड तर पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात आकसणार, त्याचा हिशेब ज्याला जमत नाही तो आमच्या कामात टिकत नाही. जुने अडकित्ते, चाकू, वस्तरे मिळाले की मुठी उघडून दुरुस्त करायची आवड आहे, शिंग आणि हाड त्यातनंच हाताखालनं गेलं. म्हणून तो माझ्याकडं आला.

हाडाचा नग त्यानं पिशवीतनं काढतानाच बाजूला सरकवला. "दादा, हे किडलंय बघ, काळे ठिपके हायत सगळीकडं." शिंगाचा मात्र हातातनं सोडेना. काळाभोर, आरशासारखं पॉलिश, आणि एका बाजूला मधासारखा पिवळसर पट्टा, खरंच देखणा होता तो. शिसवीचा त्याच्या मते ठीक, बोल्स्टरजवळ, म्हणजे मुठीच्या पुढच्या टोकाला जो धातूचा तुकडा असतो त्याच्याजवळ, जरा फट दिसतेय पण स्वस्त आहे. म्हणजे त्याचा क्रम शिंग, शिसवी, हाड. शेवटी आम्ही ठेवला तो हाडाचा आणि पहिला परत गेला तो शिंगाचा, हे कसं झालं ते नीट लिहितोय, कारण असल्या मुठी ऑनलाइन घेणारे आता बरेच झालेत आणि फोटो बघून जे वाईट वाटतं ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं, खरा दोष फोटोत येतच नाही.

आधी मुठीची रचना ध्यानात घ्यायला पाहिजे. आत दोन्ही बाजूला पितळेची पातळ पट्टी, तिच्यावर शिंगाची किंवा हाडाची पट्टी, पुढच्या टोकाला जर्मन सिल्व्हरचा बोल्स्टर, आणि हे सगळं पिनांनी आरपार रिबिट केलेलं, म्हणजे पिन घालून हातोडीनं दोन्ही बाजूंनी तिचं डोकं फुलवलेलं. पितळ हवेतल्या ओलीनं हलत नाही. शिंग, हाड, लाकूड हलतं. आणि हलतं ते लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत हलतं. मुठीची पट्टी रुंदीला 15 मिलिमीटर धरली आणि उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत 1 टक्का फरक पडला असं धरलं तरी 0.15 मिलिमीटर होतात, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीपेक्षा जास्त. डोळ्याला दिसणार नाही पण नख फिरवलं की लागतं. आता ही हलणारी पट्टी न हलणाऱ्या पितळेला पिनांनी जखडलेली आहे, तर ताण कुठं येणार, पिनेच्या भोकाच्या कडेला आणि बोल्स्टरला जिथं टेकते तिथं. म्हणून मुठीवरची कुठलीही रेघ दिसली की माझा पहिला प्रश्न हाच असतो की ही रेघ निघते कुठनं आणि संपते कुठं. मधेच सुरू होऊन मधेच संपणारी रेघ जन्मखूण समजायची. पिनेपासून निघालेली किंवा कडेवर जाऊन फुटलेली रेघ म्हणजे चीर, आणि चीर वाढते. रंग, ठिपके, पट्टे हे सगळं त्याच्यानंतर.

तपासायला काही मोठं लागत नाही. मोबाईलची टॉर्च, घड्याळजी डोळ्याला लावतो तसलं 10 पटीचं भिंग, पांढरं सुती फडकं, थोडं स्पिरिट, आणि आपलं नख. टॉर्च वरनं सरळ मारायची नाही, मुठीच्या पातळीत आडवी धरायची म्हणजे प्रकाश घासून जातो आणि बारीक खाचेचीसुद्धा सावली पडते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळंच गुळगुळीत दिसतं.

हाडापासून सुरू केलं, कारण त्याला ते नकोच होतं आणि मला ते आधी नीट बघायचं होतं. मूठ तपकिरी रंगवलेली, वर खाचा पाडलेल्या, म्हणजे जुन्या चाकूंना असते तसली खडबडीत नक्षी. काळे ठिपके होतेच, त्यातले काही ठिपके नव्हते, 1-2 मिलिमीटरच्या बारीक उभ्या रेघा होत्या, शेजारी शेजारी, मुठीच्या लांबीच्या दिशेनं. हे हाडातल्या रक्तवाहिन्यांचे मार्ग. जनावर जिवंत असताना पायाच्या नळीतनं लांबीच्या दिशेनं असल्या असंख्य बारीक नळ्या गेलेल्या असतात, हाड उभं कापलं की त्या रेघांसारख्या दिसतात, आडव्या कापात ठिपक्यांसारख्या, आणि रंगवताना रंग त्यांच्यात जास्त मुरतो म्हणून काळपट दिसतात. ज्या हाडाच्या मुठीवर हे अजिबात दिसत नाही तिथं मला उलट शंका येते की हे हाड आहे की राळेत दाबलेली भुकटी.

इथं एक फसगत होऊ शकते. हाडाची चीरसुद्धा लांबीच्याच दिशेनं जाते, आडवी क्वचित. त्यामुळं दिशा बघून निकाल लावता येत नाही. डाव्या पट्टीवर मधल्या पिनेच्या वर अशीच एक रेघ होती, साधारण 8 मिलिमीटरची, बाकीच्यांपेक्षा लांब, आणि खरं सांगायचं तर ती बघून मलासुद्धा वाटलं की हे परत जाणार. भिंगाखाली धरली तेव्हा ती एक रेघ नव्हतीच, एका ओळीत चार-पाच तुकडे, मधे मधे शाबूत हाड, प्रत्येक तुकड्याची टोकं बोथट. चिरेची टोकं अशी नसतात, चीर सलग जाते आणि टोकाला केसासारखी बारीक होत नाहीशी होते. स्पिरिटचं फडकं फिरवलं, वरचा ओलावा लगेच उडाला, चीर असती तर स्पिरिट आत शिरून ती रेघ थोडा वेळ ओली काळी राहिली असती. हिची काही वेगळी रेघ उरली नाही, आजूबाजूचे ठिपके जेवढे ओले दिसले तेवढीच ही. पिनेपर्यंतही पोचत नव्हती, मधे मोकळी जागा होती. फडक्याला थोडा तपकिरी रंग लागला, तो जास्तीचा रंग, घामट हाताला काही दिवस लागणार आणि मग थांबणार. फक्त हे ध्यानात ठेवायचं की लाख पॉलिश केलेल्या लाकडी मुठीवर स्पिरिट फिरवायचं नाही, पॉलिशच विरघळतं.

हाडाच्या नगात एक खरा खड्डा मात्र होता. मागच्या टोकाला, उजव्या पट्टीवर, 1 मिलिमीटरच्या आसपास, नख अडकत होतं. हाडाच्या नळीची भिंत बाहेरनं घट्ट असते आणि आतल्या अंगाला, सांध्याकडं तर जास्तच, जाळीदार होत जाते, करवत थोडी आत गेली की ती जाळी वर येते. प्रश्न हा की खड्डा किती खोल आणि त्याच्याखाली अजून जाळी आहे का. मुठीच्या मागच्या कडेवरनं, पितळेच्या आणि हाडाच्या जोडापाशी भिंग लावून पट्टीची पूर्ण जाडी बघितली, सगळी घट्ट, जाळी त्या एका कोपऱ्यातच. पिनेपासून लांब. त्यात मळ साठणार, काळा होणार, एवढंच. हा दोष नाही असं मी म्हणणार नाही, विक्रेत्यानं सांगायला पाहिजे होता, पण मूठ त्याच्यानं फुटणार नाही.

मग शिंग. शिंग म्हणजे नखाचं आणि केसाचं जे द्रव्य तेच, म्हशीच्या शिंगाचं टोक भरीव असतं आणि खालचा भाग पोकळ, आत हाडाचा गाभा असतो. उत्तर प्रदेशातलं संभल हे शिंगाच्या आणि हाडाच्या कामाचं मोठं ठिकाण, मुठींच्या पट्ट्या, कंगवे, बटणं तिथं होतात. भरीव टोकातनं कापलेली पट्टी उत्तम, पण ती थोडीच निघते, म्हणून पोकळ भागातलं शिंग गरम करून दाबून सपाट करतात आणि त्यातनं पट्ट्या कापतात. गरम केल्यावर शिंग मऊ होतं हे खरं, पण मूळचा बाक ते विसरत नाही, ऊन आणि ओल मिळाली की हळूहळू परत वळायला बघतं. आणि शिंग वाढतं ते थराथरानं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं, म्हणून बिघडायला लागलं की थर सुटतात.

वरनं बघितलं तर नगात काहीही नव्हतं. नख कुठं अडकेना. स्पिरिट फिरवलं, एकही रेघ ओली राहिना. भाऊ म्हणाला, "झालं की मग, हाच ठेवूया." पिवळसर पट्टासुद्धा निर्दोष, त्याची कड पुसट होती, काळ्यात विरघळत जाणारी, म्हणजे तो शिंगाचा मूळ रंग, तो काढायचं किंवा त्याच्यावरनं भाव पाडायचं काही कारण नाही, उलट असल्या पट्ट्याला लोक जास्त पैसे देतात. पण टॉर्च आडवी धरल्यावर मधल्या पिनेच्या वरच्या अंगाला एक जागा बाकीच्या पॉलिशपेक्षा वेगळी चमकली. 4 मिलिमीटरची, काचेसारखी, आजूबाजूचं शिंग रेशमी आणि ही जागा कोरडी कडक.

तेव्हा खोलीचे पडदे ओढले आणि टॉर्चचं भिंग मुठीच्या वरच्या कडेला, पिवळ्या पट्ट्याच्या टोकाला, अगदी चिकटवून धरलं. काळ्या शिंगातनं प्रकाश जात नाही पण पिवळ्या भागातनं जातो, तो आतनं पेटल्यासारखा केशरी दिसायला लागला, आणि तो उजेड पिनेच्या दिशेनं सरकत सरकत एका तिरक्या रेघेवर येऊन एकदम थांबला. एका बाजूला केशरी, पलीकडं अंधार, मधे रेघ. शिंग सलग असतं तर उजेड विरत गेला असता, असा कापल्यासारखा थांबला नसता. आत कुठंतरी थर सुटलेला होता आणि त्या फटीत हवा होती, हवेवर येऊन प्रकाश परत फिरत होता. वरचं तोंड फक्त बंद केलेलं. चीर पिनेच्या भोकापासून निघालेली, वर पाठीच्या कडेपर्यंत गेलेली, कोणीतरी तिच्यात पातळ सुपर ग्लू सोडून वरनं घासून पॉलिश मारलेलं. म्हणून नख अडकत नव्हतं आणि म्हणून स्पिरिट आत शिरत नव्हतं. भिंगाखाली त्या काचेसारख्या जागेत दोन बारीक बुडबुडेसुद्धा दिसले. शिंगात बुडबुडा कधी नसतो.

भावाच्या हातात टॉर्च दिली आणि त्याला स्वतः बघायला लावलं. दोन-तीनदा फिरवून बघितलं त्यानं, मग चाकू टेबलावर ठेवला आणि पुढं त्याच्याबद्दल काही बोलला नाही. नंतर मागच्या टोकाला पट्टी आणि पितळ यांच्यामधे वहीच्या कागदाचा कोपरा घालून बघितला, सहज गेला, म्हणजे टोक वळायला लागलेलं होतंच. अशी मूठ जूनमध्ये खानापूरच्या पावसात, रोज ओली-कोरडी होत, पोत्याच्या शिवणीत पातं पिरगाळताना किती दिवस टिकणार. तालुक्यातल्याच कणकुंबीकडं तर पावसाळ्यात भिंतीसुद्धा घामेजतात.

हे लिहिताना एक मान्य करतो की चिरलेलं शिंग म्हणजे फेकून द्यायचा माल असं नाही. चीर धुऊन, गोंद नीट आतपर्यंत ओढून, पिन जरा सैल करून परत बसवली तर मूठ चालते, हलक्या कामाला वर्षानुवर्षं चालते. विक्रेत्यानं आधी सांगून निम्म्या भावात दिला असता आणि घेणारा टेबलावर पत्रं फोडायला वापरणार असता तर मी घे म्हणालो असतो. न सांगता, झाकून, तिघांत सगळ्यात जास्त किमतीला, याला माझा विरोध आहे आणि तो मी मुद्दाम कडक ठेवतो, कारण घेणारा शेतकरी माणूस आहे आणि 2,400 रुपये त्याला झाडावरनं पडत नाहीत.

शिसवीचं थोडक्यात. बोल्स्टरजवळची फट त्याला खटकत होती, मला ती फारशी खटकली नाही, आणि त्याचं कारण महिना. एप्रिलमध्ये, वळीव पडायच्या आधी, आपल्याकडची दुपारची हवा कोरडी, लाकूड तेव्हा आकसून लहान झालेलं असतं आणि फट मोठी दिसते. पावसाळ्यात तीच फट मिटणार. ऑगस्टमध्ये फट दिसली असती तर मी नग हातातही घेतला नसता, कारण फुगलेल्या अवस्थेत जर फट आहे तर उन्हाळ्यात तिच्यात माती भरणार. अथणी-गोकाककडच्या कोरड्या हवेत राहणाऱ्यानं हा हिशेब वेगळा धरायचा, तिकडं लाकूड एवढं फुगत नाही. मला खटकलं ते दुसरंच. पुढच्या पिनेपाशी लाकडाच्या रेषा मुठीला समांतर नव्हत्या, तिरक्या होऊन कडेवर बाहेर पडत होत्या, आणि पिनेपासून कडेपर्यंत जेमतेम 2 मिलिमीटर लाकूड. तिथं लाकडाचे तंतू आखूड पडतात, फुगलं की पिन त्याच रेषेत पाचर मारल्यासारखी लाकूड उकलणार. आज चीर नव्हती, भिंगातनंही नव्हती. पण पॅटर्नला असा तुकडा मी कधी लावणार नाही, तर चाकूला कशाला. स्विस सैनिकांच्या 1890 च्या मॉडेलच्या चाकूला आधी ओक लाकडाच्या मुठी होत्या, पुढं त्यांनी फायबरच्या लावल्या, रोजच्या वापरात लाकडी मुठीचं दुखणं सगळीकडं एकच. शिसवी दुसऱ्या क्रमांकावर ठेवला, हाड काही कारणानं बाद झालं असतं तर तो चालला असता.

मधे आणखी एक गोष्ट निघाली. विक्रेत्यानं फोनवर "सांबरशिंगाचा पण नग आहे, थोडा महाग पडेल" म्हणून विचारलेलं, आणि भावाच्या मनात ते होतंच, कारण सांबरशिंगाची मूठ दिसते सुंदर, हाताला खडबडीत धरून राहते. मी सरळ नको म्हणालो. सांबराच्या शिंगाची खरेदी-विक्री 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, शिंग जंगलात आपोआप गळून पडलेलं असलं तरी. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे, सांबर आपल्या दारातलं जनावर आहे, कुणीतरी घरात ठेवलंय म्हणून आपणही घ्यावं असं नाही. आणि बऱ्याच वेळा त्या नावाखाली विकतात ते खाचा पाडून रंगवलेलं साधं हाडच असतं, म्हणजे पैसे जास्त आणि माल तोच. असली-नकली बघायला लोक तापलेली सुई टोचतात, म्हशीच्या शिंगाला केस जळल्याचा वास येतो हे बरोबर आहे, पण दुसऱ्याच्या परत करायच्या मालावर सुई लावायची नाही.

निर्णय झाला, हाडाचा ठेवायचा, दोन परत. शिंगाच्या बाबतीत मी त्याला सांगितलं की नुसतं "चीर आहे, आवडलं नाही" असं कळवू नको. आवडीनिवडीच्या भाषेत सांगितलं की समोरचा लगेच म्हणतो नैसर्गिक माल आहे, थोडंफार चालायचंच. मेसेज असा लिहायला लावला : उजव्या पट्टीवर मधल्या पिनेपासून निघालेली चीर पाठीच्या कडेपर्यंत जाते, लांबी अंदाजे 4 मिलिमीटर, वरनं गोंदानं भरलेली आहे, गोंदात बुडबुडे दिसतात, मागच्या टोकाला पट्टी आणि पितळ यांच्यात कागद जातो. खाली तीन फोटो, आडव्या टॉर्चमधला, आरपार उजेडाचा आणि कागद घातलेला, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून, म्हणजे मापाबद्दल वाद नको.

पहिलं उत्तर अपेक्षेप्रमाणेच आलं, नैसर्गिक मटेरियल आहे, प्रत्येक नग वेगळा असतो. हे वाक्य मला मनापासून नापसंत आहे. नैसर्गिक आहे म्हणून रंग कमीजास्त असणार, ठिपके असणार, पट्टे असणार, दोन बाजू एकसारख्या नसणार, हे सगळं घेणाऱ्यानं समजून घ्यायला पाहिजे आणि त्याच्यासाठी माल परत करायचा नाही, विक्रेत्याच्या पोटावर पाय येतो. पण गोंद म्हशीच्या डोक्यावर उगवत नाही. भावानं एवढंच परत लिहिलं की रंगाबद्दल तक्रार नाही, पट्टा छान आहे, फक्त भरलेल्या चिरेबद्दल बोला. दुसऱ्या दिवशी विक्रेत्याचा फोन आला, कारागिराकडनं असाच आला होता, आमच्या बघण्यात नाही आलं म्हणाला, खरंखोटं देव जाणे, पण परतीचं कुरिअर त्यानं स्वतःच्या खर्चानं नेलं आणि हाडाच्या नगातल्या खड्ड्यासाठी 200 रुपये कमी केले, ते मागितलेलेसुद्धा नव्हते. म्हणजे माणूस वाईट नव्हता. विचारायची पद्धत बरोबर असली की बहुतेक विक्रेते ऐकतात.

ठेवलेल्या चाकूचे त्याच दिवशी फोटो काढून ठेवले, दोन्ही बाजूंचे, एकाच खिडकीच्या उजेडात, शेजारी स्टीलची पट्टी. ती 8 मिलिमीटरची तुटक रेघ आणि तो खड्डा, दोन्ही नीट दिसतील असे. देखभालीचं जास्त काही नाही. भिजला की पुसायचा, गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात टाकायचा नाही, महिन्याकाठी शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सांध्यात आणि तेवढंच बोटानं मुठीवर. खोबरेल तेल घालू नको म्हणून बजावलं, थंडीत ते गोठतं आणि स्प्रिंगमध्ये चिकटून बसतं. बिनवापराचा ठेवायचा असेल तर शिंगाच्या मुठीला कीड लागते हे मात्र खरं आहे, लोकरीचे कपडे खाणाऱ्या जातीचीच, म्हणून शिंगाच्या वस्तू अधूनमधून बाहेर काढून बघाव्यात, बंद डबीत वर्षभर विसरू नयेत.

गणपतीला मी गावी गेलो तेव्हा फोटो आणि चाकू शेजारी शेजारी ठेवून बघितले. तुटक रेघ होती तेवढीच, तुकडे जोडले गेले नाहीत, पिनेकडं सरकली नाही. खड्डा काळा कुळकुळीत झालेला, मळ, शिवाय काजूच्या टरफलाचं तेल, ते कशालाही लागलं की डाग पाडतं. उजव्या पट्टीची कड बोल्स्टरपाशी नखाला थोडी वर लागत होती, ओलीनं, ती दिवाळीनंतर बसली. आता त्याला शिसवीचाच आणखी एक चाकू पाहिजे आहे, मुलासाठी. विक्रेता तोच, नग पाठवायला तयारही आहे. मी त्याला कळवायला सांगितलंय की मार्चमध्ये पाठवा, आणि पुढच्या पिनेपाशी लाकडाच्या रेषा सरळ जात असलेलाच निवडून पाठवा.